गाळणीबाईंचे एक क्रेडिट

वाणिज्य महाविद्यालयाच्या पदवी-तपासणीच्या खिडकीत मंगळवारी दुपारी पावणेबारा वाजता एक अर्ज तिसऱ्यांदा आला. अर्ज बेकरीवाल्यांच्या मुलीचा होता. आत बसलेल्या बाईंनी तो उघडला, वाचला, मिटला आणि ज्या फटीतून आला होता त्याच फटीतून बाहेर सरकवला.

"मॅडम, आता काय राहिलं?"

"साक्षीदार."

"आहे की. खाली सही आहे बघा."

"सही वडिलांची आहे. नात्यातला साक्षीदार चालत नाही."

"पण मी काम वडिलांच्याच बेकरीत करते. मग सही कोणाची आणू? मैद्याच्या पोत्याची?"

"पोत्याला सही करता आली तर आण," बाई शांतपणे म्हणाल्या. "पोतं नात्यातलं नाही."

व्यवसाय प्रशासनाची पदवी घ्यायची तर एकशेवीस क्रेडिट लागत. त्यांतले एक संघकार्याचे. चौघांनी मिळून एक प्रकल्प करायचा आणि मिळूनच सादर करायचा. जे विद्यार्थी शिकता शिकता कुठे कामाला असत, त्यांना प्रकल्पाऐवजी नियम एकतीसखाली त्या कामाचा दाखला देता येई. सहकाऱ्याने काहीतरी सुचवले, ते आपण ऐकले आणि त्याप्रमाणे काम केले, अशी एक घटना तारखेसह लिहायची आणि त्या सहकाऱ्याची सही आणायची. नियम सोपा होता. सोपा नियम गाळणीबाईंच्या हातात गेल्यावर काय होते, हे मात्र विद्यार्थ्यांनाच ठाऊक होते. गेल्या बावीस वर्षांत त्यांनी नियम एकतीसखाली फक्त दोन अर्ज मान्य केले होते, आणि त्यांतल्या एकाबद्दल त्यांना अजून शंका होती.

गाळणी हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेले. पुढे प्राध्यापकही तेच म्हणू लागले. बाईंना ते माहीत होते आणि त्यात त्यांना काही वावगे वाटत नव्हते. गाळणी आपले काम करते, गाळ वर राहतो. यात वाईट वाटून घ्यायचे ते गाळाने.

"मॅडम, यादी शुक्रवारी लागणार," मुलगी म्हणाली. "एक तारखेपासून मला गोदाम कंपनीत रुजू व्हायचंय. यादीत नाव नसलं तर ते दुसऱ्याला घेतील. आमच्या घरात बेकरीबाहेर नोकरी करणारी मी पहिलीच आहे."

"मग शुक्रवारच्या आत आण," बाई म्हणाल्या आणि त्यांनी जेवणाची सुट्टी म्हणून खिडकी लावून घेतली.

त्या सुट्टीतच सगळे घडले. महाविद्यालयात जुन्या विद्यार्थ्यांच्या फायली नव्या संगणकात भरायचे काम निघाले होते. शिकवायला आलेला तंत्रज्ञ सांगून गेला होता की आधी कुठलीही एक जुनी फाईल भरून बघा. दुसऱ्या कोणाच्या फाईलवर हात साफ करायचा हे बाईंच्या मनाला पटेना, म्हणून त्यांनी स्वतःची काढली. त्या याच महाविद्यालयातून पदवीधर झाल्या होत्या. विषय भरले, गुण भरले, बटण दाबले. पडद्यावर लाल अक्षरे आली: पदवी अपूर्ण. एकशेवीसपैकी एकशेएकोणीस.

यंत्र चुकले असणार हे उघड होते. बाईंनी मूळ कागद उलगडले. संघकार्याच्या प्रकल्पाचा अहवाल सुबक होता, हस्ताक्षर मोत्यासारखे होते आणि ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकाच व्यक्तीचे होते. शेवटी परीक्षकांचा शेरा होता: काम उत्तम. संघ नाही. क्रेडिट शून्य. तेव्हाच्या तपासनिसाने एवढ्या हुशार मुलीचे एक क्रेडिट कशाला अडवायचे म्हणून डोळे मिटून सही ठोकून दिली होती. असल्या माणसांचा बाईंना मनापासून राग येई. आज त्यांना तो नक्की कोणावर काढावा ते कळेना.

त्या बघत असतानाच पडद्यावर खाली आणखी एक ओळ आली: विद्यार्थ्याच्या पत्त्यावर पत्र रवाना. बाई उठल्या आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा महाविद्यालयाच्या व्हरांड्यातून धावल्या. टपाल विभागात पोचल्या तेव्हा दुपारची पिशवी गेलेली होती. फायलीतला पत्ता त्यांच्या माहेरचा होता.

बुधवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी खिडकीतला फोन वाजला.

"तू नापास झालीस?" आईने विचारले.

"नाही गं, आई."

"मग हे काय आलंय? 'आपल्या पाल्याची पदवी अपूर्ण आहे, पालकांनी तातडीने भेटावे.' मी येऊ का भेटायला? गुडघा दुखतोय, पण येईन. कोणाला भेटायचं असतं?"

"मलाच. तू येऊ नकोस. ती यंत्राची गडबड आहे."

"गडबड कसली, खाली कारण दिलंय. संघकार्य. मी तेव्हाच म्हणत होते तुला, जरा मिसळत जा चारचौघांत. तीन पोरं बिचारी प्रकल्प करायला दारात उभी, आणि तू त्यांना अक्षर वाईट म्हणून वाटेला लावलंस. मी सरबत केलं होतं त्यांच्यासाठी. नंतर ते तुझे बाबा आणि मी प्यायलो."

"आई, हे पत्र कोणाला दाखवू नकोस."

"मी कशाला दाखवीन? माझा चष्मा सापडेना म्हणून वाचून दाखवायला शेजारच्या वहिनींना दिलं होतं, तेवढंच."

शेजारच्या वहिनींची थोरली सून याच महाविद्यालयाची पदवीधर होती. बाईंनी फोन ठेवला आणि खिडकीवर 'थोड्या वेळाने' अशी पाटी लावली. ही पाटीही बावीस वर्षांत पहिल्यांदाच लागत होती, त्यामुळे ती आधी पुसून घ्यावी लागली. मग त्या सरळ प्राचार्यांच्या खोलीत गेल्या.

प्राचार्य चाळिशीच्या आतले, समजूतदार गृहस्थ होते. तेही याच महाविद्यालयात शिकलेले. विद्यार्थी असताना त्या खिडकीवरून त्यांचा अर्ज चार वेळा परत आला होता आणि आजही बाई समोर आल्या की ते नकळत खुर्चीत सावरून बसत. बाईंनी फाईल टेबलावर ठेवली आणि दुसऱ्या कोणाचे प्रकरण सांगावे तसे सगळे सांगितले.

"एवढंच ना?" प्राचार्य हसले. "पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. द्या सोडून."

"सोडता येणार नाही, सर. माझ्या पदासाठी किमान पात्रता काय आहे?"

"पदवी."

"ती मला नाही. म्हणजे माझी नेमणूक अवैध. नेमणूक अवैध म्हणजे मी केलेल्या सह्या अवैध. आणि तपासनिसाची सही अवैध असेल तर पदवी रद्द धरावी, असा नियम आहे. नियम चौदा."

प्राचार्यांचे हसू हळूहळू ओसरले. "किती सह्या?"

"अकरा हजार दोनशे सहा."

"त्यात माझीही…"

"दोन हजार एकशे बारा नंबरवर."

प्राचार्यांनी खुर्ची वळवून मागच्या भिंतीकडे बघितले. तिथे त्यांची पदवी सोनेरी चौकटीत लटकत होती. तिच्यावर त्यांची प्राध्यापकी उभी होती आणि प्राध्यापकीवर प्राचार्यपद. "ही चौकट तुमच्याच मिस्टरांकडून करून घेतली होती," ते उगाचच म्हणाले.

"हो. चौकट वैध आहे."

"बाई, तुम्ही असं करा. ते बटण पुन्हा दाबा आणि तिथं 'पूर्ण' लिहा. मी सही करतो."

"तुमच्या सहीला तुमची पदवी लागते आणि तुमच्या पदवीला माझी."

"मग तुम्ही करा."

"माझीच तर अडलीय."

प्राचार्यांनी फाईल उघडली आणि पुन्हा मिटली. शेवटी त्यांनी विचारले, "हे कोणाला कळलंय?"

"आईला."

"म्हणजे सगळ्यांना," प्राचार्य म्हणाले. त्यांनाही आई होती.

मार्ग एकच होता, आणि तो बाईंनीच काढला. नियम एकतीस. खिडकीवर येण्याआधी त्या जुन्या नोंदींच्या विभागात चौदा महिने कारकून होत्या. त्या काळात कोणा सहकाऱ्याची सूचना ऐकून त्यांनी काही केले असेल, तर संघकार्याचे क्रेडिट त्या तारखेपासून लागू झाले असते. मग नेमणूक वैध, सह्या वैध आणि अकरा हजार दोनशे सहा माणसे सुखरूप. घटना फक्त पहिल्या सहीच्या आधीची हवी.

"सहकाऱ्याची सूचना तुम्ही ऐकल्याची घटना," प्राचार्य सावकाश म्हणाले. ते काही वेळ बाईंकडे बघत राहिले. "असं कधी… म्हणजे, झालंय का?"

"शोधावं लागेल," बाई म्हणाल्या.

गुरुवारचा सगळा दिवस त्या शोधात गेला. त्या काळातले लोक आता फारसे उरले नव्हते. टपाल विभागातले दोघे तेवढे तेव्हापासूनचे. बाई वही-पेन घेऊन त्यांच्यासमोर बसल्या.

"मी सुचवलं होतं एकदा," पहिला म्हणाला. "मी म्हटलं, बाई, आभाळ आलंय, छत्री न्या."

"मी नेली होती?"

"नाही. पण दुसऱ्या दिवशी शिंकताना म्हणालात, न्यायला हवी होती."

"ती खंत झाली. ऐकलं असं म्हणता येणार नाही." बाईंनी ओळ खोडली. "तुमचं काय?"

दुसऱ्याने खूप आठवून पाहिले. "मी एकदा म्हटलं होतं, पंखा बंद करा, कागद उडतात. आणि तो बंद झाला होता."

"मी केला होता?"

"नाही, वीज गेली होती. पण माझ्या म्हणण्याप्रमाणे झालं, हे खरं."

दुपारपर्यंत बातमी सगळीकडे पसरली. निम्म्या कर्मचाऱ्यांच्या घरात बाईंच्या सहीची एखादी तरी पदवी होती. कोणाच्या मुलीची, कोणाच्या जावयाची, काहींची स्वतःची. ज्या लोकांनी आजवर बाईंना नमस्कारापलीकडे शब्द टाकला नव्हता, ते एकेक करून खिडकीपाशी येऊन काही ना काही सुचवू लागले. बाई, खुर्ची जरा पुढे घ्या. बाई, चहात साखर कमी घालत जा. ग्रंथपालांनी तर त्यांना रजेवर जायलाच सुचवले. बाईंनी प्रत्येकाचे म्हणणे नीट ऐकून घेतले आणि कारण सांगून फेटाळले. शिवाय तारीख आजची पडली असती, त्यामुळे मान्य करूनही उपयोग नव्हता. पण एक गोष्ट त्यांना दिवसभर टोचत राहिली. तारीख बाजूला ठेवली तरी, बावीस वर्षांत कोणाचे एकदाही ऐकल्याचे त्यांना काही केल्या आठवेना. याचा त्यांना आजवर अभिमान होता. आज पहिल्यांदा तो जरा अंगाला सैल झाल्यासारखा वाटला.

साडेचारला बेकरीवाल्यांची मुलगी चौथ्यांदा आली. या वेळी अर्जावर भट्टीवाल्याची सही होती.

"हे तुझे मामा," बाई म्हणाल्या.

"कसं ओळखलंत?"

"साक्षीदाराच्या पत्त्यात 'भाचीच्या घरासमोर' लिहिलंय."

मुलीने खिडकीच्या कठड्यावर कोपर टेकले. ती पहाटे चारपासून उभी असणार. बाहीवर पिठाचा हात उमटलेला होता. "मॅडम, आमच्याकडे पाच जण काम करतात. आई, वडील, मामा, आत्या आणि मी. बाहेरचा माणूस आणू कुठून?"

एरवी बाईंनी अर्ज परत सरकवला असता. आज त्यांनी विचारले, "भट्टीवर तू काय सांगतेस यांना?"

"ट्रे कधी काढायचे ते. वास माझ्या नाकाला आधी कळतो. मी 'काढा' म्हटलं की काढायचं."

"आणि वडील ऐकतात तुझं?"

"भट्टीसमोर ऐकावंच लागतं. 'का' म्हणून विचारत बसले तर पाव करपतो."

"आणि ते काही म्हणाले तर तू ऐकतेस?"

"अर्ध्या वेळा. उरलेल्या अर्ध्या वेळा आई ऐकायला लावते." मुलीला हसू आले. "कधी भांडतो, दोन दोन दिवस बोलत नाही. पण पहाटे चारला ट्रे उचलायला पलीकडून कोणीतरी लागतंच ना. मॅडम, जो बरोबर काम करतो तो घरचाच होऊन बसतो. तुमचं नाही का तसं?"

बाईंनी अर्ज टेबलावर ठेवला आणि त्यावर पट्टी ठेवली. "हा असू दे इथं. उद्या सकाळी साडेनऊला ये."

"परत नाही देत?" मुलीला काहीतरी बिनसल्याची शंका आली. जाताना तिने दोनदा मागे वळून पाहिले.

महाविद्यालयाच्या समोरच्या रांगेत बाईंच्या नवऱ्याचे चौकटींचे दुकान होते. लग्नाच्या वेळी तो महाविद्यालयातच टंकलेखन विभागात होता. पुढे टंकलेखनाची यंत्रे भंगारात गेली, तेव्हा त्याने हे दुकान टाकले. बाई पदव्या गाळायच्या आणि त्यातून निसटलेल्या पदव्यांना तो काच लावायचा. बाई दुकानात शिरल्या तेव्हा तो एक काच कापत होता.

"दुपारी दोघं जण येऊन गेले," तो मान वर न करता म्हणाला. "पदवी रद्द झाली तर चौकट परत घ्याल का, म्हणून विचारत होते."

"तुम्हाला कळलंय?"

"तुझ्या आईचा फोन होता काल सकाळी. मी म्हटलं, तू सांगशील तेव्हा सांगशील."

बाई स्टुलावर बसल्या. दोन दिवस ही गोष्ट घरात सांगायची आपल्याला सुचलीही नाही, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आले. "अहो, खरं सांगा. मी कधी तुमचं ऐकलंय का?"

नवऱ्याने काच खाली ठेवली. "आज, की एकूण?"

"लग्नाआधी. आपण ऑफिसात एकत्र होतो तेव्हा."

"एकदा," तो म्हणाला.

"एकदा? कधी?"

तो उठला, मागच्या फळीवरचा एक चपटा पुठ्ठ्याचा डबा काढला आणि त्यातला पिवळा पडलेला कागद बाईंच्या मांडीवर ठेवला. कार्यालयीन टिपणीचा कागद होता, टंकलिखित. विषय: विवाह. सुचवण्यात येते की, टंकलेखन विभाग व जुन्या नोंदींचा विभाग यांतील खालील दोघांनी विवाह करावा.

"मी तोंडीच सुचवलं होतं गं," नवरा म्हणाला. "व्हरांड्यात. तू म्हणालीस, लेखी द्या."

टिपणीच्या समासात लाल शाईतले शेरे होते. हस्ताक्षर मोत्यासारखे. पहिला शेरा: कारणे नमूद नाहीत, परत. दुसरा: कारण क्रमांक तीन, 'तुम्ही हसता तेव्हा', हे वाक्य अर्धवट आहे, पूर्ण करून सादर करावे. आणि सगळ्यात खाली, जरा घाईने लिहिल्यासारखे: मान्य. त्याखाली सही आणि तारीख. तारीख खिडकीवरच्या पहिल्या सहीच्या एकोणीस दिवस आधीची होती.

बाईंना एकदम भरून आले. त्यांनी कागद जरा लांब धरला, ओला होऊ नये म्हणून. "हे तुम्ही जपून ठेवलंत?"

"तू एकदाच काहीतरी मान्य केलंस. त्याचा कागद टाकून देऊ?"

"तिसरं कारण पूर्ण केलं होतंत का तुम्ही?"

"केलं होतं. मागच्या बाजूला आहे."

बाईंनी कागद उलटा केला आणि वाचला. तिथे काय लिहिले होते ते आपल्याला कळायचे कारण नाही, नियम एकतीसमध्ये ते येत नाही. बाईंनी मात्र ते दोनदा वाचले. मग एकाएकी त्यांचा चेहरा उतरला.

"उपयोग नाही. साक्षीदार म्हणून सही तुम्हाला करावी लागेल. तुम्ही नात्यातले."

"तेव्हा नव्हतो."

"सही आज करणार ना?"

नवऱ्याने डोके खाजवले. "नात्यातला चालत नाही, हे लिहिलंय कुठं?"

"लिहिलेलं नाही. ते मी ठरवलंय. लोक उगाच नातेवाइकांच्या सह्या आणतील म्हणून."

"मग ते तू बदलावंस, असं मी सुचवतो."

"लेखी…" बाईंच्या तोंडून निघाले. त्यांनी शब्द गिळला. समोर नवरा काच पुसायचे फडके हातात घेऊन उभा होता, बावीस वर्षांपूर्वी टिपणी घेऊन उभा असायचा तसाच. "बरं," त्या म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला खिडकी उघडली तेव्हा बेकरीवाल्यांची मुलगी आधीच हजर होती. बाईंनी पट्टीखालचा अर्ज घेतला. स्वतःचे प्रकरण निकालात काढण्याआधी हे काढायला हवे, एवढे त्यांना रात्रीच कळले होते. त्यांनी अर्जावर 'मान्य' लिहिले, सही केली आणि तो फटीतून बाहेर दिला. मुलीने तो पुढून वाचला, मागून वाचला, खाली काही बारीक अक्षरात आहे का तेही बघितले.

"मॅडम, यात खोट काय आहे?"

"काही नाही. तुझी नोकरी एक तारखेपासून ना? मग थांबू नकोस. यादी दुपारी लागेल."

मुलीने अर्जाची घडी घातली, पुन्हा उलगडली. शेवटी ती म्हणाली, "मॅडम, तुमची ही सही चालते ना पण? लोक काय काय बोलतायत."

"अकरापर्यंत चालायला लागेल," बाई म्हणाल्या.

अकराला दहा मिनिटे कमी असताना बाई आणि त्यांचा नवरा प्राचार्यांसमोर बसले होते. नवऱ्याने चांगला सदरा घातला होता. प्राचार्यांनी टिपणी वाचली, शेरे वाचले, आणि उलट बाजू वाचू लागले तेव्हा बाईंनी कागद काढून घेतला.

"तेवढं पुराव्यात नाही, सर."

"उत्तम," प्राचार्य म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर दोन दिवसांनी रंग आला होता. "सहकारी आहे, सूचना आहे, तारीख आहे, तुमची मान्यता आहे. तुमच्या सहीवर माझी आणि माझ्या सहीवर तुमची अडते ना? आपण दोघं एकदमच सही करू, म्हणजे आधी कोणाची हा प्रश्नच नको." त्यांनी पेन उघडले, अर्जावरून शेवटची नजर टाकली आणि थांबले. "हा आठवा रकाना राहिलाय."

आठव्या रकान्यात विचारले होते: सुचवलेले काम पूर्ण झाले की सुरू आहे? आणि खाली तळटीप: अपूर्ण कामास क्रेडिट देय नाही. या एका रकान्यावरून बाईंनी आजवर शेकड्यांनी अर्ज परत केले होते. ज्याने 'सुरू आहे' लिहिले तो गेलाच.

"पूर्ण झालं, असं लिहून टाका," प्राचार्य म्हणाले. "की झाली सगळी मोकळी."

बाईंनी पेन हातात घेतले. नवरा खिडकीबाहेर बघत होता. म्हणजे तो कशाकडेच बघत नव्हता, हे बाईंना इतक्या वर्षांच्या सवयीने कळत होते. त्यांनी पेनाचे टोक रकान्यावर टेकवले. 'पूर्ण झाले' हे दोन शब्द त्यांनी हजारो वेळा लिहिले होते. आज ते लिहायला हात धजेना. अकरा हजार दोनशे सहा माणसे एका बाजूला, आणि शेजारच्या खुर्चीत चांगला सदरा घालून बसलेला एक माणूस दुसऱ्या बाजूला.

त्यांनी लिहिले: सुरू आहे.

"बाई," प्राचार्य कळवळून म्हणाले, "तळटीप वाचलीत ना? अपूर्ण कामाला क्रेडिट नाही."

"नाहीच, सर. पण सुरू असलेलं काम म्हणजे अपूर्ण काम, असं त्यात कुठं म्हटलंय?"

"कुठं म्हणजे? तुम्हीच म्हणत आलात. बावीस वर्षं. मला स्वतःला तुम्ही यावरूनच दोनदा परत पाठवलं होतं."

बाईंनी पेनाचे टोपण लावले.

"मी चुकत होते," त्या म्हणाल्या.

मग नवरा खिडकीकडून वळला, त्याने खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि प्राचार्यांकडे एक कोरा कागद मागितला.

"एवढं लेखी घ्या," तो म्हणाला, "आणि खाली आजची तारीख घाला. याची चौकट मी करतो."